जुना तुकडा ज्याचा त्याला

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याला, जिथे उभ्या ट्रकांची रांग संपते, तिथे सूर्यभान यांचे पत्र्याचे दुकान आहे. गाड्या दुरुस्त करणारे या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांची हत्यारे दुरुस्त करणारे मात्र थोडे. सूर्यभान त्या थोड्यांतले. दाब न धरणारे जॅक, अडकलेल्या चेनपुल्या आणि घसरणारी रॅचेट त्यांच्याकडे येतात. रॅचेट म्हणजे नट फिरवण्याचा असा पाना, जो एका दिशेने नट धरून फिरवतो आणि उलट दिशेने नुसता कटकटत मोकळा मागे येतो. ही करामत आतल्या एका लहानशा तुकड्याची. त्याला खटका म्हणतात. दातेरी चाकाच्या दातात खटका अडकला की पाना धरतो. खटका झिजला की ऐन जोराच्या वेळी पाना निसटतो आणि बोटे फुटतात.

सूर्यभान यांचा एक नेम आहे. मालक समोर बसल्याशिवाय ते हत्यार उघडत नाहीत. ‘ठेवून जातो, संध्याकाळी नेतो’ म्हणणाऱ्याला ते हत्यार परत देतात. फळीवर धुतलेले पांढरे फडके अंथरायचे, निघालेला प्रत्येक भाग निघाल्या क्रमाने त्यावर मांडायचा, आणि जो तुकडा बदलला तो जुना तुकडा मालकाच्या हातात ठेवायचा. मालकाने तो बाहेर जाऊन फेकून दिला तरी चालेल. पण तो दुकानात राहता कामा नये.

शेजारचे गॅरेजवाले बद्रीनाथ यावरून त्यांना नेहमी टोचतात.

“सूर्यभानभाऊ, मी काय सोनं मोडायला आणलंय व्हय तुमच्याकडं?”

“सोनाराकडं डोळा ठिवून बसताच ना? मंग इथं बी बसा.”

“तुमचा माझ्यावर भरवसा नाय.”

“माझा नाय, तुमचा माझ्यावर नाय. आज हाये म्हणता, उद्या पाना घसरला की म्हणाल, सूर्यभाननं आतला माल बदलला.”

जुना भाग परत देण्याची रीत सूर्यभान यांची एकट्याची नाही. पंप बांधणारे, मिक्सर दुरुस्त करणारे, घड्याळवालेसुद्धा बदललेला भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला देतात. गिऱ्हाईक त्याला सचोटी समजते. वस्तुतः ती संशयाची पावती असते. जिथे अविश्वास गृहीतच धरलेला असतो, तिथे तो शिष्टाचाराचे रूप घेतो आणि मग कोणालाच बोचत नाही. सूर्यभान यांना मात्र तो बोचलेला होता.

त्याचे कारण असे. तिशीच्या आत असताना ते रेल्वे स्टेशनजवळच्या वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात कामाला होते. तो कारखाना पुढे बंद पडला. आज तिथे गोदाम आहे. तिथल्या हत्यारांच्या खोलीत प्रत्येक हत्याराला एक खिळा होता. हत्यार नेणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा आणि हत्यार परत देताना काढून घ्यायचा. परदेशी यंत्राबरोबर आलेले एक मोठे, जड, जुने रॅचेट बहुधा सूर्यभान यांच्याच हातात असे. एकदा जोर लावताना त्याचा खटका तुटला.

वरिष्ठांना सांगणे हा नियम होता. सूर्यभान यांनी सांगितले नाही. त्यांचे घराणे मेंढरांमागे फिरणारे. बाप पुंडलिक कळप घेऊन कन्नडपासून गोदाकाठापर्यंत जात असत. ज्याच्या हातून मोडले त्यानेच नीट करून ठेवायचे, बोभाटा करायचा नाही, हे त्यांना कळपामागे चालतानाच शिकवलेले. वडिलांची लोकर कातरायची कातर शहरातल्या खोलीत होती. तिच्या एका पात्याच्या जाड बुडातून त्यांनी तुकडा कापला, कानशीने घासून खटक्याचा आकार दिला, लाल करून तेलात विझवला आणि रॅचेटमध्ये बसवला. रॅचेट पूर्वीसारखे चालू लागले. कारखान्यात कोणाला पत्ता लागला नाही. घरी कातर निकामी झाली आणि वडील बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर एका शनिवारी विभागाचे साहेब तात्यासाहेब त्यांना म्हणाले, “सूर्यभान, रॅचेट दे. गावाकडं ट्रॅक्टर खोललाय. सोमवारी आणतो.” तात्यासाहेब देवगाव रंगारीचे, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातले, शेती राखून शहरात नोकरी करणारे. सूर्यभान यांनी रॅचेट दिले. बिल्ला खिळ्यालाच राहिला. सोमवारी रॅचेट आले नाही, पुढच्या सोमवारीही नाही. हत्यारांची मोजणी झाली तेव्हा रॅचेटच्या खिळ्याला सूर्यभान यांचा बिल्ला लोंबत होता.

तात्यासाहेब चौकशीत शांतपणे म्हणाले, “मला कशाला लागतंय कंपनीचं रॅचेट?”

साहेबाच्या शब्दापुढे एका फिटरच्या शब्दाचे काय चालणार? त्यातून सूर्यभान मेंढपाळाच्या घरचे. ज्यांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायची तेच शेतकरी रात्री उभ्या पिकाची राखण करत. त्या जुन्या संशयाला शहरात नवे कपडे मिळाले, इतकेच. सूर्यभान यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला आणि वर, पोलिसांत दिले नाही हे उपकार म्हणून ऐकवले.

नोकरी गेल्याचे दुःख ओसरले, कारण त्या चोरून केलेल्या खटक्यानेच त्यांना नवा धंदा दिला. ओसरली नाही ती दुसरी गोष्ट. सासरी गेले की मेव्हणा रामेश्वर त्यांच्यासमोर कपाटाची किल्ली खिशात टाकी. आणि पत्नी रत्नमाला यांनी ‘तुम्ही ते घेतले होते का’ असे कधी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर देता आले असते. त्यांनी संसार केला, मुली उजवल्या, रोज दुपारी दुकानात डबा आणून दिला. पण विचारले नाही. त्या न विचारण्याचा अर्थ सूर्यभान इतकी वर्षे लावत होते, आणि प्रत्येक वेळी तो त्यांना आपल्या विरुद्धच लागत होता.

हे सारे त्यांनी मला सांगितले ते तुकड्यातुकड्याने, आणि अर्थात त्यांच्या बाजूने. पुढच्या भागाला मात्र त्यांच्याखेरीज इतरही साक्षीदार आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी एक वयस्क बाई दुकानापुढे रिक्षातून उतरल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, नजर दुकानभर फिरणारी.

“मिस्तरी तुमीच का?”

“व्हय. बसा बाई.”

“कन्नडच्या गॅरेजवाल्यानं तुमचं नाव सांगितलं. म्हणला, जुनं हत्यार उघडणारा चांगला माणूस हाये, पण लई संशयी हाये.”

“बरूबर सांगितलं त्यानं.”

“मी बी हाये,” असे म्हणून त्यांनी स्टूल फळीला चिकटून ओढले आणि बसल्या. पुढे केलेले पाणी त्यांनी घेतले, चहाला नको म्हणाल्या. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून फळीवर ठेवली. मोठे, जड, जुने रॅचेट.

सूर्यभान यांनी ते उचलले आणि चाक बोटाने फिरवले. आवाज एकसारखा नव्हता; मध्येच कोरडा, मध्येच जाड. दांड्यावर ते अंगठा फिरवत गेले. एका जागी लोखंड सपाट लागले. तिथे काहीतरी कोरलेले असावे आणि ते कानशीने घासून काढलेले असावे.

“कुणाचं हे?”

“आमच्या मालकांचं. टेशनापाशी कंपनीत साहेब व्हते. तात्यासाहेब. देवगाव रंगारीचे. मागल्या साली वारले.” बाईंनी पदर सारखा केला. “निरोपाच्या वेळेला कंपनीनं हे दिलं त्यांना. पोरगं म्हणतं, भंगारात घाल, नवं आणू. मी म्हणलं, त्याच्या हातात देतच नाय, आपणच घेऊन जाते.”

या मनकर्णाबाई. सूर्यभान यांनी त्यांना पूर्वी कधी पाहिले नव्हते. पण त्या क्षणी त्यांना वाटले ते दुःख नव्हे आणि रागही नव्हे, शंका वाटली. साऱ्या जिल्ह्यात ही बाई नेमकी आपल्याकडेच कशी आली? कोणी पाठवले? निरोपाच्या भेटीची गोष्ट आपल्या तोंडावर सांगून ती काय पाहू पाहते?

“तुमी मला वळखता का?” त्यांनी विचारले.

“आज पयल्यांदा बघायलेय. कामून?”

“सहज.”

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या या प्रश्नाने बाईंचाही उरलासुरला उडाला. माणूस ओळख का विचारतो? ओळख नसलेल्याला फसवणे सोपे म्हणून. बाईंनी पिशवीतून चष्मा काढून लावला.

फडके अंथरले गेले. झाकणाचे दोन स्क्रू गंजून बसले होते. सूर्यभान यांनी त्यावर डिझेल सोडले आणि ते मुरू दिले. मग पेचकसाच्या मुठीवर हलके ठोके देत त्यांनी एकेक स्क्रू हलवला. झाकण निघाले. आत ग्रीसचा काळा, वाळलेला थर होता. काडीने तो उकरत त्यांनी दातेरी चाक उचलले, फडक्यावर ठेवले. स्प्रिंग काढली, तिच्या टोकाची बारीक गोळी काढली. त्यांचे बोट किंचित थांबले. बाईंनी ते थांबणे पाहिले. मग त्यांनी खटका बाहेर काढला, डिझेलमध्ये बुडवून पुसला आणि फडक्यावर ठेवला.

बाकी सगळे भाग सफाईदार, कारखान्यात घडलेले. हा एकटा काळपट, हाताने घासलेला. त्याच्या सपाट अंगावर एक खोल टिंब ठोकलेले होते.

“हे काय?” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“खटका. ह्याचं टोक झिजलंय, म्हणून घसरतं.”

“ते नाय इचारलं. बाकीचं समदं चकचकीत, अन् हे असलं गावठी कसं? परदेशी हत्यारात हे कुठून आलं?”

सूर्यभान बोटांचे डिझेल पुसू लागले.

“खरा तुकडा कुठं हाये?”

“आत हाच व्हता बाई. तुमच्या म्होरं काढला.”

“म्होरं काढला, पण डिझेलात घातला तवा तुमचा हात आड व्हता.” त्यांनी फडक्याचा कोपरा उचलून खाली पाहिले. “हात उघडा.”

एके काळी कारखान्याच्या दारावर त्यांची झडती झाली होती. तेव्हाही शब्द हेच होते. त्यांनी दोन्ही तळहात उघडून दाखवले. त्याच वेळी रत्नमाला डबा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. नवरा कोणा अनोळखी बाईपुढे हात उघडे करून बसला आहे, एवढेच त्यांना दिसले.

प्रसंग कसा होता पाहा. एकाच हत्यारावरून सूर्यभान यांच्यावर दुसऱ्यांदा चोरीचा आळ येत होता. पहिल्या वेळी सगळे हत्यार चोरल्याचा, आता त्याच्या पोटातला तुकडा. हा दुसरा आळ ते एका वाक्यात झटकू शकत होते: हा तुकडा मीच घडवला, रॅचेट कारखान्यात होते तेव्हा. पण ते वाक्य बोलताच निरोपाच्या भेटीची गोष्ट कोसळणार होती, आणि ती ज्याने रचली तो उत्तर द्यायला जिवंत नव्हता. न बोलावे तर आजही चोर, आणि तेही रत्नमाला यांच्या देखत.

सूर्यभान म्हणतात की ते विचार न करता उठले. मला ते पटत नाही. इतकी वर्षे माणूस ज्याचा विचार करतो ते विचार न करता घडत नाही. त्यांनी भिंतीवरची एक वस्तू उतरवली. ते कातरीचे जुने पाते होते. वाळलेले ग्रीस खरवडायला ते वापरत. त्याच्या जाड बुडाला एक खाच होती. खाचेच्या कडेला लोहाराने ठोकलेली दोन टिंबे होती. त्यांनी खटका त्या खाचेपाशी ठेवला. कानशीने घासल्यामुळे तो खाचेत पुरता बसत नव्हता, पण पात्याची जाडी आणि खटक्याची जाडी एक होती, आणि टिंबे आता एका ओळीत तीन झाली.

मनकर्णाबाई पुढे वाकल्या.

“ही मेंढरं कातरायची कातर,” त्या सावकाश म्हणाल्या. “आमच्या रानात धनगर बसायचे, त्यांच्याकडं बघितलीय. लोहार तीन टिंबं ठोकायचा.”

“माझ्या बापाची हाये.”

“तुमी कोण?”

“पुंडलिकचा सूर्यभान. तुमच्या साहेबांच्या हाताखाली व्हतो. कंपनीत ह्याचा खटका माझ्या हातून तुटला, मीच हा करून बसवला. मंग एका शनिवारी साहेबांनी ट्रॅक्टरसाठी नेलं. आलं नाय. मला काढलं.”

त्यांनी आवाज चढवला नाही. दारातून रत्नमाला पुढे आल्या आणि डबा खाली न ठेवताच पात्याकडे पाहत राहिल्या. ते पाते त्यांच्या ओळखीचे होते. त्या कातरीवरून सासऱ्यांनी धरलेला अबोला त्यांनी पाहिला होता. मात्र पात्यातून तुकडा कशासाठी कापला ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मनकर्णाबाईंनी मोकळा दांडा उचलला. घासलेल्या जागेवर त्यांचा अंगठा गेला आणि तिथे बराच वेळ राहिला. मग दांडा फडक्यावर ठेवून त्या उठल्या.

“हे आमचं नाय,” त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून रस्त्याला लागल्या.

सूर्यभान दारापर्यंत गेले. “बाई, हत्यार घेऊन जा.” त्या थांबल्या नाहीत. समोरून आलेल्या रिक्षात बसून निघून गेल्या.

सूर्यभान परत आत आले. रत्नमाला फळीकडे पाहत म्हणाल्या, “आता हे आपल्याकडं हाये.”

त्यांना काय म्हणायचे होते ते सूर्यभान यांना लगेच कळले. पुरावा ही वस्तू स्वतः बोलत नाही. ती कुठे सापडते त्यावर तिचे बोलणे ठरते. रॅचेट देवगाव रंगारीच्या घरात असेपर्यंत त्याच्या पोटातला कातरीचा तुकडा सूर्यभान यांच्या बाजूचा होता. तेच रॅचेट त्यांच्या दुकानात आले की तोच तुकडा उलटा फिरतो. हरवलेले हत्यार, दांड्यावरचा कंपनीचा नंबर घासून काढलेला, आत त्याच्या हातचा खटका, आणि ठिकाण त्याचेच दुकान. याहून चांगली चोरी कोणी सिद्ध करू शकला नसता. बाई शरमेने उठून गेली की डोके चालवून? तिने सत्य मान्य केले की सत्य आपल्या अंगणातून उचलून त्यांच्या अंगणात टाकले?

“बद्रीनाथला दाखवून ठिवू का? गवाही राहील,” सूर्यभान म्हणाले.

“तो काय गवाही देणार? तो म्हणल, सूर्यभानच्या दुकानात बघितलं.” रत्नमाला यांनी डबा ठेवला. “ज्याचं त्याला नेऊन द्या. मी बी येते.”

दुरुस्त करून न्यावे, असे सूर्यभान यांच्या मनात आले होते. पण मालक समोर नसताना हत्याराला हात लावायचा नाही. नवा खटका त्यांनी वेगळा घडवला, कारण नवे लोखंड कोणाचेच नव्हते. बाकीचे भाग होते तसे फडक्यात बांधले आणि गाठीला पुन्हा हात लावला नाही.

रविवारी दोघे एसटीने निघाले. वेरूळला लेणी पाहणाऱ्यांची गर्दी उतरली आणि गाडी मोकळी झाली. कन्नडच्या अलीकडे देवगावकडे जाणारी जीप मिळाली. सूर्यभान यांनी बोचके सारा वेळ मांडीवर धरले होते. शेजारच्याने कुतूहलाने पाहिले की ते त्यावर हात ठेवत. चोरीचा माल नेणारा माणूस जसा बसतो तसेच आपण बसलो आहोत, हे त्यांच्या लक्षात येत होते आणि तरी हात निघत नव्हता.

तात्यासाहेबांचे घर सापडायला वेळ लागला नाही. पुढे अंगण, कडेला ट्रॅक्टर. तात्यासाहेबांचा मुलगा गोकुळ ट्रॅक्टरच्या चाकाशी बसला होता. शहरातल्या एका बँकेत त्याची नोकरी. सुटीच्या दिवशी शेती पाहायला येणारा.

“कोण पायजे?”

“मनकर्णाबाई. त्यांचं रॅचेट हाये.”

गोकुळने बोचके पाहिले, मग दोघांना. “आई म्हणत होती, रॅचेट बसमध्ये हरवलं.”

सूर्यभान यांनी रत्नमाला यांच्याकडे पाहिले. म्हणजे तसे होते तर. बाईने घरी हरवल्याचे सांगितले होते. हरवलेले रॅचेट एकाच माणसाकडे दुसऱ्यांदा सापडणार होते.

“हरवलं नाय. माझ्या दुकानात ऱ्हायलं.”

“मग फोन करायचा. आणि हे सगळं सुटं का केलंय? काय काय काढून घेतलं त्यातलं?”

“मालकिणीला बोलवा. त्यांच्या म्होरं उघडतो, त्यांच्या म्होरं जोडतो.”

“माझ्यासमोर उघड की. मी काय मालक नाही?”

“तुमी भंगारात घाला म्हणला व्हता,” नवऱ्याकडून ऐकलेले रत्नमाला यांनी सुनावले.

गोकुळला हसू आले असते, पण आवाज ऐकून मनकर्णाबाई ओट्यावर आल्या होत्या. त्यांनी बोचक्याकडे पाहिले. 

“मी सांगितलं व्हतं ना, ते आमचं नाय म्हणून.”

“तुमचं नसंल तर कुणाचं ते सांगा,” सूर्यभान म्हणाले. “माझं म्हणून ते माझ्या घरात ऱ्हाणार नाय. एकदा ऱ्हायलं नसताना माझं ठरवलं व्हतं.”

“आई, काय बोलतोय हा? तात्यांवर आळ घ्यायला आला का?”

मनकर्णाबाई दाराकडे वळल्या. रत्नमाला मला नंतर म्हणाल्या की त्या क्षणी बाई आत निघून जाईल आणि दार लावून घेईल अशी त्यांची खात्री झाली होती. बाई ओट्यावरून खाली आल्या.

“आळ नाय,” त्या मुलाला म्हणाल्या. “हे कंपनीनं दिलं नव्हतं. तुझ्या बापानं एका शनिवारी आणलं. ह्या ओट्यावर बसून दांडा घासत व्हते. मी इचारलं तर म्हणले, गंज काढायलोय. कानस मीच घरातून आणून दिली.” त्यांनी सूर्यभान यांच्याकडे पाहिले नाही. “गंज नव्हता. नव्यावानी चमकत व्हतं. मला तवाच दिसलं. पुढं निरोपाची भेट म्हणून सांगायला लागले, ते बी मी ऐकून घेतलं, अन् लोकांला सांगत ऱ्हायले. ह्यांनी तुकडा दाखवला त्याच्या आधी मला कळत नव्हतं असं नाय. कुणाचं काय गेलं ते कळत नव्हतं.”

गोकुळने हातातला पाना खाली ठेवला. “आता हे सगळ्या गावाला सांगायचं का?”

“गावानं कुठं इचारलंय? ह्यांनी इचारलं, ह्यांना सांगितलं.”

अंगणात चटई आली. सूर्यभान यांनी बोचक्याची गाठ सर्वांसमोर सोडली आणि भाग मांडले. दातेरी चाक पितळी ब्रशने घासले. नवा खटका जागेवर धरून पाहिला. किंचित जाड होता, तो कानशीने दोनदा उतरवला. बोटाच्या टोकावर थोडेसेच ग्रीस घेतले. ग्रीस जास्त झाले की खटका चिकटतो आणि दात चुकवतो, हे त्यांनी कोणी न विचारताच सांगितले. गोळी, स्प्रिंग, चाक, झाकण, स्क्रू. मग पाना गोकुळच्या हातात दिला.

“तुमच्या हातानं फिरवून बघा. मागून म्हणू नका.”

गोकुळने ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटाला रॅचेट लावले आणि अंग टाकून जोर दिला. पाना निसटला नाही. मागे आणताना तो एकसारख्या आवाजात कटकटला.

सूर्यभान यांनी कातरीचा झिजलेला तुकडा मनकर्णाबाईंपुढे धरला.

“हा तुमच्या बापाचा,” त्या म्हणाल्या. “तुमीच ठिवा.”

“नेम हाये बाई. बदललेला तुकडा मालकाला.” त्यांच्या मनात नेमाहून अधिक काही होते. हत्यार आणि तुकडा एकाच घरात राहावेत, दुसऱ्या कोणाच्या नव्हे, याच घरात. “कुणी इचारलं तर?”

“तर आत्ता सांगितलं तेच सांगीन.”

त्यांनी तुकडा घेतला आणि पदराच्या टोकात बांधला. चहा करते म्हणाल्या. सूर्यभान यांनी नको म्हटले. रत्नमाला यांनी घेतला. निघताना गोकुळ फाटकापर्यंत आला. काहीतरी बोलावे असे त्याला वाटत होते हे दिसत होते, पण तो एवढेच म्हणाला, “जीप चौकातून मिळेल.”

मनकर्णाबाई शब्द पाळतील की नाही, पदरातला तुकडा अजून त्या घरात आहे की कुठे टाकला गेला, हे मला ठाऊक नाही. सूर्यभान यांनाही नाही. त्यांनी बाईंवर विश्वास ठेवला असे म्हणता येणार नाही. विश्वास ठेवण्याची सवय त्यांची कधीच गेली आहे, आणि एका वाक्याने ती परत येत नाही. त्यांच्या दुकानात फडके आजही अंथरले जाते आणि बद्रीनाथ आजही स्टुलावर कुरकुरत बसतात. दोन टिंबांचे पाते भिंतीवर परत टांगलेले आहे.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा रत्नमाला यांना मिळाली. वेरूळ मागे पडेपर्यंत त्या बाहेर पाहत होत्या.

“एक इचारू का?” त्या म्हणाल्या.

“इचार.”

“ते रॅचेट तुमी घेतलं व्हतं का?”

सूर्यभान यांनी त्यांच्याकडे पाहिले. सगळे समोर घडून गेल्यावर हा प्रश्न कशाला, असे त्यांच्या ओठांवर आले होते. पण रत्नमाला उत्तराची वाट पाहत होत्या; खरोखरच पाहत होत्या.

“नाय,” ते म्हणाले.

रत्नमाला यांनी मान हलवली, आणि मांडीवरचे रिकामे फडके घडी घालून पिशवीत ठेवले.